व्हर्नाकाकूंचा पलंग आणि एकशे एकावी जागा

१

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी मी व्हर्ना ऑस्टबीकाकूंच्या झोपायच्या खोलीचं दार उघडलं, तर खोलीत पलंग नव्हता.

बाकी सगळं होतं. गादी भिंतीला टेकून उभी होती, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. खिडकीच्या कट्ट्यावर चादरी आणि उशांचे अभ्रे घडी करून ठेवलेले. लाकडी जमिनीवर पलंगाच्या पायांचे चार खळगे. पलंग मात्र गायब.

"चोरी!" मी ओरडलो.

माझ्यामागे उभ्या असलेल्या जज टॅलिफेरोबाईंनी ओव्हरकोटाच्या खिशातून वही काढली. त्या शाईचं पेन वापरत नाहीत. आमच्याकडे जानेवारीत शाई गोठते. पेन्सिलीने त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "क्लार्क म्हणतात, चोरी."

"म्हणजे काय, तुम्हाला तसं वाटत नाही?"

"मला अजून काहीच वाटत नाही. नऊच वाजलेत."

स्वयंपाकघरातून व्हर्नाकाकूंचा आवाज आला, "कॉफी झालीय. बूट काढून या. कर्टिस, तुला वेगळं सांगायला हवं का रे?"

पलंग कुणी कशाला चोरेल, हा प्रश्न इतर कुठल्याही घरात रास्त ठरला असता. या घरात मात्र पलंग चोरायला अख्ख्या राज्यातल्या निम्म्या लोकांकडे कारण होतं.

आमच्या राज्याच्या विधानसभेत एकशे एक जागा आहेत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांना पन्नास-पन्नास मिळाल्या. एकशे एकावी जागा आमची. ती ज्याला मिळेल, त्याचा सभापती, त्याच्या समित्या, आणि गव्हर्नरशी भांडायचं की गव्हर्नरला डोक्यावर घ्यायचं हे ठरवणारा तोच. आमच्या मतदारसंघात दातांच्या डॉक्टर लेनोर हॉगस्टाड ३,९०६ मतं घेऊन निवडून आल्या. बर्फ उडवायची यंत्रं विकणारा कर्टिस ऑस्टबी ३,९०५ मतं घेऊन पडला.

कर्टिसने एका मतावर हरकत घेतली. सख्ख्या काकूच्या मतावर.

२

काकूंचं घर दोन काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, हद्दीवर बसलंय. पूर्वेची झोपायची खोली आमच्या काउंटीत, म्हणजे या मतदारसंघात. पश्चिमेची बैठकीची खोली शेजारच्या काउंटीत, वेगळ्या मतदारसंघात. हद्द स्वयंपाकघरातून जाते. काकूंचे यजमान हॉल्वर सुतार होते. जमिनीवर लाल रंगाने त्यांनीच ती आखून ठेवली होती, कारण कर वसूल करणारे लोक दरवर्षी येऊन चुलीपाशी भांडायचे.

अशा घरांसाठी नियम साधा आहे. माणूस जिथे झोपतो, तिथला मतदार. म्हणजे काकूंचं मत पलंगावर टेकलेलं होतं. आणि काकूंच्या मतावर अख्खं राज्य.

निवडून आलेल्या सदस्याच्या निवडणुकीचा न्याय आमच्या घटनेप्रमाणे सभागृह स्वतःच करतं. कोर्ट नाही, गव्हर्नर नाही. पण पन्नास-पन्नास सदस्यांचं सभागृह जेवायला कुठे जायचं हेसुद्धा ठरवू शकत नव्हतं. म्हणून दोघांनी मिळून निवृत्त जज इमोजीन टॅलिफेरोंना चौकशीला पाठवलं. दोन्ही पक्षांचा त्यांच्यावर सारखाच राग होता, एवढी एकच गोष्ट एकमताने मंजूर झाली.

आणि मी टोबिन क्वाले, काउंटी क्लार्क. निवडणुका, लग्नाचे दाखले आणि कुत्र्यांचे परवाने माझ्याकडे असतात. मीही निवडूनच आलोय. माझा प्रतिस्पर्धी मतदानाच्या नऊ दिवस आधी वारला, तरी मी चौदाच मतांनी जिंकलो.

जजबाईंनी कॉफीचा कप हातात घेतला आणि पहिल्यांदा कर्टिसला समोर बसवलं.

"काकूंचं मत बेकायदा ठरलं तर तुमचा फायदा काय?"

"सोपं आहे," कर्टिस म्हणाला. पायात मोजे, गळ्यात टाय, असा तो दिसत होता. "कायदेशीर मतदाराला 'कुणाला मत दिलं' असं कुणी विचारू शकत नाही. बेकायदा मतदाराला शपथेवर सांगावं लागतं. काकू सांगेल की हॉगस्टाडला दिलं. तिचं एक मत कमी झालं की तीन हजार नऊशे पाच, तीन हजार नऊशे पाच. बरोबरी. मग हॅटमधून चिठ्ठी."

"हॉगस्टाडना दिलं, हे तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, गेल्या ईस्टरला तिने मला सगळ्यांसमोर सांगितलं, 'कर्टिस, तू उभा राहू नकोस, तुला बसताच नीट येत नाही.' अजून काय पुरावा पाहिजे?"

"आणि बेकायदा मत देणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद. काकू एक्याऐंशी वर्षांच्या आहेत."

कर्टिसने मोज्यांकडे पाहिलं. "तिला आत कोण टाकणार? एवढं थोडंच होतंय."

"होतं," जजबाई म्हणाल्या. "मी टाकलेत."

चुलीपाशी काकूंच्या हातात कॉफीची किटली होती. त्यांनी ती खाली ठेवली, खिमा-बटाट्याच्या हॉटडिशच्या भांड्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "हॉटडिश ओव्हनमध्ये टाकते," त्या म्हणाल्या. "बारापर्यंत होईल."

"मिसेस ऑस्टबी, तुमचा पलंग कुणी नेला?"

"घरात चोर आला असता, तर मी त्यालाही कॉफी विचारली असती. कुणी आलं नाही."

जजबाईंनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग पेन्सिलीचं टोक माझ्याकडे वळवलं.

"मिस्टर क्वाले. तो पलंग शेवटचा कुणी पाहिला?"

काल दुपारी चार वाजता चौकशीची नोटीस द्यायला मी आलो होतो. दार उघडं होतं, आमच्याकडे ते नेहमीच असतं. आणि पलंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

"मी," मी म्हणालो.

३

त्यानंतर तासभर मी स्वतःवरच संशय घेत होतो. हे वाटतं तेवढं अवघड नाही. काकूंचं मत बेकायदा ठरलं, तर मतदारयादीत त्यांचं नाव ठेवणारा गाढव मीच. पलंग नाहीसा होण्यात माझंही हित होतं. फक्त मी तो नेल्याचं मला आठवत नव्हतं.

लेनोर हॉगस्टाड बाहेर गाडीत हीटर लावून बसल्या होत्या. जजबाईंनी त्यांना आत बोलावलं.

"उद्या दुपारी बारा वाजता शपथविधी आहे," जजबाई म्हणाल्या. "तोवर चौकशी पुरी झाली नाही, तर मूळ निकाल कायम. म्हणजे तुम्ही आत."

"बरोबर."

"आणि नोटिशीत लिहिलंय: 'मतदाराचा जबाब तिच्या पलंगासमोर, शपथेवर घेण्यात येईल.' पलंग नाही, तर जबाब नाही. जबाब नाही, तर चौकशी पुरी होत नाही. पलंग गेल्याने सगळ्यात जास्त फायदा तुमचा झालाय, डॉक्टर."

"अहो, मी दात उपटते, पलंग नाही!" लेनोरबाई भडकल्या. "आणि उलटं का नाही? या कर्टिसनेच नेला असेल. पलंगच नाही तर बाई इथे झोपतच नाही, असं म्हणायला तो मोकळा!"

"ए, तोंड सांभाळ!"

"तू तुझी अक्कलदाढ सांभाळ. दोन वर्षं सांगतेय, काढून घे."

"दोघंही गप्प बसा," व्हर्नाकाकू म्हणाल्या. "आणि लेनोर, तूसुद्धा बूट काढ."

मग आम्ही बाहेर गेलो. बर्फ काल तीनला थांबला होता. माझी कालची पावलं, येतानाची आणि जातानाची, आणि आजची आम्हा सगळ्यांची. बाकी घराच्या चारी बाजूंनी बर्फ साबणाच्या फेसासारखा कोरा. पलंग ओढत नेल्याची खूण नाही, उचलून नेणाऱ्या दोन माणसांची पावलं नाहीत. बर्च लाकडाचा जोडप्याचा पलंग, आणि तो कोऱ्या बर्फावरून उडून गेला होता.

"हेलिकॉप्टर?" मी विचारलं.

जजबाईंनी तेही लिहून घेतलं, याचं मला वाईट वाटलं.

कुंपणापलीकडे शेजारी मिलो ब्राटवोल्ड दुर्बीण घेऊन उभा होता. ती पक्ष्यांसाठी आहे, असं त्याने कुणी न विचारता सांगितलं. कर्टिसला खबर देणारा हाच.

"कालपासून कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही," मिलो म्हणाला. "मी लक्ष ठेवून होतो. पक्ष्यांवर."

"तुम्ही कर्टिसला काय सांगितलं होतंत?"

"खरं तेच. झोपायच्या खोलीत रात्री कधी दिवा लागत नाही. तीन वर्षं! हॉल्वर गेला तेव्हापासून. पश्चिमेच्या खोलीत मात्र टीव्ही पहाटेपर्यंत चालू. म्हणजे बाई कुठे झोपते?" त्याने आवाज खाली आणला. "आणि अजून एक आहे. ते मी कर्टिसला सांगितलं नाही, तो घरातला माणूस. दर सोमवारी दोरीवर उशांचे अभ्रे वाळत असतात. थंडीत फळीसारखे कडक होतात. जजबाई, *दोन* अभ्रे. दर सोमवारी. एकट्या बाईला दोन कशाला? त्या घरात कुणीतरी पुरुष आहे."

जजबाईंनी पेन्सिल खाली केली. पहिल्यांदाच त्या लिहायच्या थांबल्या होत्या.

"मिस्टर ब्राटवोल्ड," त्या म्हणाल्या, "या राज्यातली सत्ता कुणाकडे जाणार ते तुम्ही आत्ता ठरवलंत. आणि तुम्हाला पत्ताही नाही."

४

आत येऊन त्यांनी सगळ्यांना पलंग नसलेल्या खोलीत उभं केलं आणि कट्ट्यावरची खालची चादर उचलली. ती कडांना इलॅस्टिक असलेली, गादीवर ताणून बसवायची चादर होती. तिची घडी चौकोनी होती. कोपऱ्याला कोपरा. पुस्तकासारखी.

"डॉक्टर, ही घडी तुम्हाला जमेल?"

लेनोरबाईंनी चादर झटकली आणि प्रयत्न केला. तिचा कोबीचा गड्डा झाला.

"कर्टिस?"

कर्टिसने केली त्याला नाव नाही.

"माझ्याकडे असल्या चादरी पन्नास वर्षं आहेत. मी त्यांचा बोळा करून कपाटात कोंबते आणि दार लावते," जजबाई म्हणाल्या. "मिस्टर क्वाले, तुमच्या काउंटीत ही घडी कोण घालू शकतं?"

"चर्चच्या महिला मंडळातल्या बायका," मी म्हणालो. "एकूण सहा. पाच जणी सध्या ॲरिझोनात आहेत, थंडी संपेपर्यंत."

सहावीने एप्रनला हात पुसले.

"मी सकाळपासून एक गोष्ट ऐकतेय," जजबाई म्हणाल्या. "क्लार्क म्हणाले, चोरी. कर्टिस आणि डॉक्टर तर एकमेकांना चोर ठरवून मोकळे झाले. 'चोरी' हा शब्द घराच्या मालकिणीने एकदाही वापरला नाही. त्यांनी सांगितलं, 'कुणी आलं नाही.' बर्फही तेच सांगतो. मिलोची दुर्बीणही. पलंग बाहेर गेलेला नाही, म्हणजे तो घरात आहे. सुताराने केलेला पलंग असेल तर त्याला खिळे नसतील, खुंट्या असतील. खुंट्या ठोकून काढल्या की एक-एक फळी एकट्या माणसालाही नेता येते. गादी मात्र नेता येत नाही. म्हणून ती इथेच राहिली. तळघराचं दार कुठे आहे, मिसेस ऑस्टबी?"

"तुमच्या मागे," काकू म्हणाल्या. "पायऱ्या जपून उतरा. तिसरी डगमगते."

तळघरात बटाट्यांच्या पोत्यांमागे पलंग उभा होता. फळ्या, दोन टोकांचे तक्ते, चार पाय. खुंट्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत घालून वर चिठ्ठी चिकटवलेली: *पलंग*.

"काकू!" कर्टिस किंचाळला. "तू? पण का? पलंग जागेवर असता तर तूच जिंकली असतीस! तिथे झोपते म्हणायचं, संपलं!"

"शपथेवर?" काकूंनी विचारलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या घाबरलेल्या आहेत. आवाज नेहमीचाच होता, पण एप्रनची गाठ त्या सोडत होत्या, बांधत होत्या.

५

"हॉल्वर त्या पलंगावर गेले," काकू म्हणाल्या. "तीन वर्षं झाली मार्चमध्ये. त्या रात्री मी बैठकीतल्या खुर्चीत बसले. दुसऱ्या रात्रीही. टीव्हीवर हवामान लागतं, ते बघता बघता डोळा लागतो. काल टोबिनने नोटीस दिली. म्हटलं, उद्या पलंगासमोर उभं करून विचारणार, यात झोपता का? खोटं मी बोलणार नाही. खरं बोलले तर माझं मत बेकायदा. मग तुम्ही पुढचं विचारणार."

"कुणाला दिलंत, ते."

"साठ वर्षं मत देतेय. हॉल्वरना कधी सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं होतं, दोन दिवस जेवण थंड वाढलं." त्यांनी गाठ घट्ट ओढली. "तुरुंगात जायला लागलं तर जाईन. पण ते माझ्याकडून कुणी काढून घ्यायचं नाही."

"म्हणजे कबूल!" कर्टिस म्हणाला. "खुर्चीत झोपते. खुर्ची पलीकडच्या काउंटीत. मत रद्द!"

"थांबा," जजबाई म्हणाल्या. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, डगमगणाऱ्या तिसऱ्या पायरीवर, आणि ती हलली नाही. "खलाशी तीन वर्षं समुद्रावर असतो. त्याचं मत त्याच्या गावात राहतं. सैनिकाचं तसंच. इस्पितळात पडलेल्या रोग्याचं तसंच. का? परत यायचा इरादा असेल तोवर माणसाचं घर मोडत नाही. कायदा अंतर मोजत नाही, इरादा मोजतो. खलाशी तीन हजार मैल लांब असतो. तुमच्या काकू किती लांब होत्या, मिस्टर क्वाले?"

मी मनात मोजलं. "एकोणीस फूट."

"इरादा कुणालाही सांगता येतो!" कर्टिस म्हणाला. "पुरावा?"

"पुरावा दोरीवर वाळत होता. दर सोमवारी. दोन अभ्रे, ज्यांवर कुणी डोकं टेकलं नव्हतं. मिसेस ऑस्टबी, न वापरलेल्या पलंगाच्या चादरी तुम्ही किती दिवसांनी बदलत होतात?"

"दर शनिवारी."

"का?"

काकू बटाट्यांकडे बघत होत्या. "दर शनिवारी वाटायचं, आज आत जाऊन झोपू. स्वच्छ असलेलं बरं."

"दीडशेपेक्षा जास्त शनिवार," जजबाई म्हणाल्या. "परत न येणारं माणूस पलंगावर चादर टाकून ठेवतं आणि खोलीला कुलूप लावतं. ते अंथरूण बदलत नाही. नोव्हेंबरातल्या मतदानाच्या दिवशी परत जायचा विचार होता?"

"त्याच्या आधीच्या शनिवारीसुद्धा होता."

जजबाईंनी वही उघडली आणि पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या. मत कायदेशीर. हरकत फेटाळली. निकाल कायम. मतदाराला पुढे काहीही विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

"आणि पलंग लपवल्याचं काय?" कर्टिसने शेवटचा दगड मारून पाहिला.

"स्वतःचं सामान स्वतःच्या तळघरात ठेवणं या राज्यात अजून गुन्हा नाही. तुमच्या पक्षाने तसा कायदा आणला तर बघू." त्यांनी वही मिटली. "आता भाच्याने... पुतण्या, नाही का? पुतण्याने पलंग वर न्यावा."

६

लेनोर हॉगस्टाड राजधानीला फोन लावायला गाडीकडे पळाल्या. जजबाई हॉटडिशची चव घ्यायला वर गेल्या. तळघरात आम्ही तिघं उरलो: मी, कर्टिस आणि काकू.

डोक्याकडचा तक्ता सगळ्यात जड होता. कर्टिसने पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मी मागचं. काकू आमच्या मागून बरणी घेऊन चढत होत्या.

"अजूनही सांगतो काकू," कर्टिस धापा टाकत म्हणाला, "माणूस म्हणून तू चुकलीस. घरचा उमेदवार होता. परक्या बाईला मत दिलंस."

"कर्टिस, मला आता कुणी विचारू शकतं का रे?"

"नाही. ऐकलंस ना. कुणालाही अधिकार नाही."

"म्हणजे मी नाही सांगितलं तरी चालेल?"

"चालेल."

"बरं. मग सांगते," काकू म्हणाल्या. "माझं मत रद्द झालं असतं, तर तू दोन मतांनी पडला असतास."

तक्ता थांबला. मी मागे होतो, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसला नाही. फक्त मान दिसली. ती आधी लाल झाली, मग पांढरी, मग पुन्हा लाल.

"पण तू... ईस्टरला... 'तुला बसताच नीट येत नाही'..."

"नाहीच येत. म्हणून तर म्हटलं, निदान कुठेतरी खुर्ची मिळू दे."

पुढे जायला वरचं दार कुणीतरी लावून घेतलं होतं, मागे मी आणि काकू. कर्टिसला तक्ता खाली ठेवता येत नव्हता, डोळेही पुसता येत नव्हते. दोन्ही हात काकूंच्या पलंगाला लागले होते.

"उचल," काकू मागून म्हणाल्या. "आज शनिवार आहे."